व्हॉल्व्हच्या कामाची हत्यारं: आधी काय घ्यावं आणि काय घेऊच नये

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात धायरीला छोटं गॅरेज आहे. सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन ही कामं होतात, पण हेडचं (इंजिनाच्या ज्या वरच्या भागात व्हॉल्व्ह बसतात त्याचं) काम आलं की गाडी दुसरीकडे पाठवावी लागते. गाड्या मुख्यतः मारुती आणि ह्युंदाईच्या, त्यातल्या बऱ्याच सीएनजीवर. आता व्हॉल्व्हची कामं स्वतः करायची आहेत, तर ऑनलाइन मिळणारा ‘व्हॉल्व्ह टूल किट’चा पेटीसेट घ्यावा का?

तो सेट घेऊ नका. त्या पेटीत व्हॉल्व्ह बाहेर काढायला लागणारं बरंच काही असतं, पण व्हॉल्व्हला, गाइडला (दांडी ज्या नळीत सरकते तिला) किंवा सीटला (व्हॉल्व्ह ज्या कड्यावर बसतो त्याला) नेमकं काय झालंय हे सांगणारं एकही हत्यार नसतं. हेडच्या कामात पैसा आधी मोजायच्या हत्यारांत घालायचा, मग खोलायच्या आणि बसवायच्या, आणि कापायच्या हत्यारांत सगळ्यात शेवटी. सुरुवातीची दोनेक वर्षं सीट कापायचं आणि गाइड बदलायचं काम बाहेरच्या इंजिनिअरिंग वर्क्सकडूनच करून घ्या. त्यांचं काम बरोबर झालंय की नाही हे मात्र तुम्हाला तुमच्या टेबलावर तपासता आलं पाहिजे.

आणि हत्यार घेण्याआधी आपल्याकडे कोणत्या जातीची हेडं येतात ते बघा. टॅपेटची, म्हणजे कॅमची ढकल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणाऱ्या भागांची, रचना बदलली की लागणारी हत्यारंही बदलतात.

जुन्या मारुती ८०० मध्ये आणि होंडाच्या आय-व्हीटेक पेट्रोल इंजिनांत रॉकर असतो. त्याच्या टोकाला स्क्रू आणि लॉकनट. इथे फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच), रिंग पाना आणि स्क्रू धरायला योग्य तोंडाचा स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर टॅपेट सेटिंग, म्हणजे टॅपेटमधला गॅप लावणं, होतं. मारुतीच्या के-सिरीजमध्ये (अल्टो के१०, वॅगन आर, स्विफ्ट पेट्रोल) रॉकरच नाही. कॅम थेट बकेटवर (व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या उलट्या वाटीवर) चालतो, वर वेगळी शिम (जाडी भरायची चकती) नसते, बकेटच वेगवेगळ्या जाडीचं मिळतं. गॅप चुकला तर कॅम उतरवून बकेट बदलायचं. म्हणजे ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर, कॅम कॅपसाठी लहान टॉर्क रेंच आणि टायमिंग चेनचा टेन्शनर लॉक करायची पिन हे तिन्ही पाहिजे. तिसरी जात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरणारी. स्विफ्ट डिझेल, व्हिस्टा क्वाड्राजेट, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट त्यातलं. पुण्यातल्या रस्त्यांवर हे इंजिन अजूनही भरपूर दिसतं. त्यात गॅप लावायचा प्रश्नच नाही, पण कॅम आणि क्रँक जागेवर धरणाऱ्या पिनांचा संच हाताशी नसेल तर त्या इंजिनाची चेन सोडूच नका. टायमिंग अंदाजाने लागत नाही. ह्युंदाईमध्ये इंजिनाच्या पिढीनुसार हायड्रॉलिक आणि यांत्रिक दोन्ही सापडतात, म्हणून तिथे कव्हर उघडून खात्री केल्याशिवाय गिऱ्हाइकाला भाव सांगू नये.

हेड उतरवण्याआधी

पहिलं हत्यार कॉम्प्रेशन गेज. पेट्रोलसाठी २० बारपर्यंतचं, स्पार्क प्लगच्या आट्यांत बसणारं. दाबून धरायच्या रबरी टोकाचं नको, त्यात हात हलला की वाचन बदलतं. डिझेलसाठी वेगळं गेज लागतं, निदान ४० बारपर्यंतचं, ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसणाऱ्या अडॅप्टरसह. पेट्रोलचं गेज डिझेलला लावलं तर गेज फुटतं, आणि फुटताना तोंडासमोर कोण आहे ते बघत नाही.

पण कॉम्प्रेशन कमी आहे एवढंच या गेजवर कळतं. हवा कुठून जातेय ते कळत नाही. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजलं आणि आकडा चांगला वर गेला तर संशय रिंगांवर जातो. तसाच राहिला तर व्हॉल्व्हवर किंवा गॅस्केटवर. याहून खात्रीचं हत्यार म्हणजे लीक-डाउन टेस्टर: दोन गेजं, मध्ये एक बारीक छिद्र, एका बाजूला कॉम्प्रेसरची हवा, दुसऱ्या बाजूला सिलिंडर. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणा, क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन धरून ठेवा (नाही धरलं तर हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलतो आणि पाना हातातून निसटतो), मग हवा सोडा आणि कान लावा. थ्रॉटल बॉडीतून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल फिलरमधून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर. दहा टक्क्यांपर्यंत गळती असेल तर इंजिन ठीक, २०–२५ टक्क्यांच्या वर गेली तर हेड उतरवायला कारण आहे. हा टेस्टर महिन्यातून दोनदा जरी वापरला गेला तरी वसूल होतो, कारण विनाकारण उतरवलेल्या हेडचा खर्च गिऱ्हाईक देत नाही.

त्याआधीसुद्धा एक फुकटची तपासणी आहे: टॅपेट गॅप. सीएनजीच्या गाडीत पुष्कळदा एक्झॉस्टचा गॅप संपलेला असतो, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन कमी दिसतं. कधी कधी गॅप लावला की कॉम्प्रेशन परत येतं आणि हेडला हात लावावा लागत नाही. त्यासाठी चांगला फिलर पाहिजे. बाजारातला १३ पात्यांचा नेहमीचा फिलर ०.०५ पासून ०.३० पर्यंत ०.०५ च्या टप्प्याने आणि पुढे ०.१० च्या टप्प्याने चढतो. रॉकरच्या इंजिनाला तो एकवेळ चालेल, बकेटच्या इंजिनाला नाही, कारण तिथे ०.१७ आणि ०.२० यांतला फरक कळावा लागतो. ०.०२ किंवा ०.०३ च्या टप्प्याची पाती असलेला संच घ्या, अरुंद आणि टोकाला किंचित वाकवलेल्या पात्यांचा मिळाला तर उत्तम. कॅमच्या खाली सरळ रुंद पातं तिरकं शिरतं आणि गॅप कमी दाखवतं. पातं ओढताना नुसतं ‘लागतंय’ यावर विश्वास ठेवू नका. एक पातं जातं आणि त्याच्या पुढचं जात नाही, हे दोन्ही बघा. मोजमाप थंड इंजिनावर. म्हणजे गाडी रात्रभर उभी, सकाळी पहिलं काम हेच.

स्प्रिंग कॉम्प्रेसर

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. बाजारात याच्या तीन-चार जाती आहेत. पॅडमिनी-अँबेसडरच्या काळातल्या पुशरॉड इंजिनांसाठी रॉकर शाफ्टवर टेकवून दाबायचा लिव्हर येतो. आजच्या हेडला तो निरुपयोगी. दोन नख्यांनी स्प्रिंग पकडणारा छोटा कॉम्प्रेसर हेड गाडीवरच असताना सील (गाइडवरचं तेल अडवणारं रबर) बदलायला बरा पडतो, पण त्यासाठी स्प्रिंगच्या भोवती जागा पाहिजे, आणि बकेटच्या हेडमध्ये स्प्रिंग खोल विहिरीत असतो. तिथे नख्या उतरतच नाहीत.

तुम्हाला हवा तो सी-क्लॅम्प जातीचा, खोल गळ्याचा. एक टोक व्हॉल्व्हच्या तोंडावर (रुंद चकतीवर) टेकतं, दुसऱ्या टोकाला खिडक्या असलेली नळी, आणि ती नळी रिटेनरला (स्प्रिंगवरच्या टोपीला) दाबते. घेताना तीन गोष्टी बघा. गळ्याची खोली निदान १५० मिमी असावी, नाहीतर हेडची भिंत आडवी येते. नळ्यांचे अडॅप्टर वेगवेगळ्या व्यासांचे असावेत, साधारण १६ पासून ३० मिमीपर्यंत. आणि चौकट ताणाखाली वाकू नये. दुकानातच स्क्रू आवळून बघा. चौकट उघडायला लागली तर नळी तिरकी होते, रिटेनर तिरका दबतो आणि लॉक (रिटेनरला दांडीवर धरणारे दोन अर्धगोल तुकडे) बाहेर यायच्या ऐवजी अडकतात.

अडॅप्टरचं माप हा नाजूक मुद्दा आहे. के-सिरीजसारख्या हेडमध्ये बकेटची विहीर अॅल्युमिनियमची असते आणि बकेट थेट तिच्यात चालतं. नळी बाहेरून रिटेनरएवढीच हवी, विहिरीपेक्षा सगळीकडून निदान दीड-दोन मिमी लहान. नळीने भिंतीवर ओरखडा काढला तर बकेट अडकतं, आणि तो ओरखडा पॉलिश करून जात नाही. काम सुरू करण्याआधी विहिरीत जुन्या प्लास्टिकच्या बरणीतून कापलेली पट्टी गोल करून सरकवून ठेवा. कारखान्यात यासाठी वेगळं संरक्षक टोपण वापरतात, पण पट्टीनेही तेच साधतं.

बऱ्याच हेडांत लॉक वर्षानुवर्षं एकाच जागी बसून रिटेनरला चिकटलेले असतात. कॉम्प्रेसरचा स्क्रू नुसता आवळत राहिलं तर चौकट वाकते आणि मग सगळं एकदम सुटून लॉक उडतात. हलका ताण द्या, नायलॉनच्या हातोडीने नळीवर एकच टपली मारा, ‘टक’ असा आवाज येऊन लॉक सुटतात, मग पुढे दाबा. लॉक उचलायला पेनाएवढं चुंबक, बसवताना लॉकला ग्रीसचा ठिपका. चष्मा घालाच.

निघालेला व्हॉल्व्ह कुठल्या भोकातला होता हे विसरायचं नाही. चार सिलिंडरच्या १६ व्हॉल्व्हच्या हेडसाठी लाकडी फळीवर १६ भोकं पाडून त्यावर आकडे टाका. बकेटं, स्प्रिंगा, लॉक त्याच आकड्याच्या समोर ठेवा. विकतच्या ट्रेची गरज नाही.

मोजायची हत्यारं

हा भाग नीट वाचा. व्हॉल्व्हचं काम बिघडलं तर बहुतेक वेळा इथेच बिघडलेलं असतं.

आउटसाइड मायक्रोमीटर ०–२५ मिमी, ०.०१ च्या वाचनाचा चालेल, ०.००१ वाचणारा असेल तर अधिक चांगला. त्याने व्हॉल्व्हची दांडी तीन ठिकाणी मोजायची: लॉकच्या खाचेखाली, मधोमध आणि तोंडाजवळ, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. आजच्या छोट्या गाड्यांत दांडी ५ ते ६ मिमीची असते, जुन्या इंजिनांत ७–८ मिमीची. सगळ्यात कमी झिजलेला भाग म्हणजे गाइडमध्ये कधीच न जाणारा, लॉकजवळचा. बाकीची वाचनं त्याच्याशी ताडा. हाच मायक्रोमीटर बकेटची आणि शिमची जाडी मोजायला लागतो. व्हर्नियरने हे काम होत नाही. व्हर्नियर ०.०२ दाखवतो आणि हात हलला की तेवढीच चूकही करतो.

गाइडचं भोक मोजायला अनेकजण टेलिस्कोपिक गेज घेऊन येतात आणि मग कळतं की त्याचं सगळ्यात लहान माप साधारण ८ मिमीपासून सुरू होतं. ५.५ मिमीच्या गाइडमध्ये ते जातच नाही. तिथे स्मॉल होल गेज लागतं: अर्ध्या चिरलेल्या गोळीचं टोक, मागचा स्क्रू फिरवला की गोळी फुगते, मग बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजायची. चार गेजांच्या संचात साधारण ३ ते १३ मिमीपर्यंतची भोकं मोजून होतात. गाइड वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला घंटेसारखा रुंद झिजतो, म्हणून वर, मध्ये आणि खाली, रॉकर किंवा कॅम दांडीला ज्या दिशेने ढकलतो त्या दिशेने आणि तिच्या काटकोनात, अशी सहा वाचनं घ्या. इनटेकला दांडी आणि गाइडमधली मोकळीक नव्या इंजिनात सर्वसाधारणपणे ०.०२ ते ०.०५ मिमी असते, एक्झॉस्टला ती उष्णतेमुळे थोडी जास्त ठेवतात, ०.०३ ते ०.०६ च्या आसपास. तुमच्या इंजिनाची नेमकी मर्यादा मॅन्युअलमधून घ्या, इथले आकडे फक्त काय अपेक्षित आहे ते कळावं म्हणून.

हे सगळं करायला वेळ नसेल तेव्हा डायल गेजने डोलण्याची चाचणी करतात. व्हॉल्व्ह सीटपासून साधारण १० मिमी उचलायचा, तोंडाच्या कडेला डायलचं टोक लावायचं आणि व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना हलवून काटा किती फिरतो ते बघायचं. डायल गेज ०.०१ मिमीचं, १० मिमी धावेचं पुरे. घेताना लोक चुंबकी स्टँडही घेतात आणि मग पंचाईत होते: हेड अॅल्युमिनियमचं, चुंबक धरत नाही. १० मिमी जाडीची लोखंडी पट्टी कापून तिला दोन भोकं पाडा, मॅनिफोल्डच्या स्टडवर नटांनी आवळा आणि चुंबक त्या पट्टीवर लावा. एवढीशी पट्टी, पण ती नसली तर दीड-दोन हजारांचा स्टँड खुंटीला टांगून ठेवावा लागतो.

आणखी एक माप असं आहे जे बहुतेक गॅरेजांत घेतलंच जात नाही, आणि सीएनजीच्या गाड्यांत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे: दांडीच्या टोकाची उंची. सीएनजीवर आत येणारं इंधन कोरडं असतं. पेट्रोलच्या वाफेमुळे व्हॉल्व्हला मिळणारा गारवा आणि सीटवरचा थोडाफार ओलावा मिळत नाही, त्यामुळे सीट हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो. तो जेवढा आत गेला तेवढं दांडीचं टोक वर येतं आणि तेवढाच टॅपेट गॅप कमी होतो. स्प्रिंग बसायच्या सपाट जागेपासून दांडीच्या टोकापर्यंतचं अंतर डेप्थ व्हर्नियरने सगळ्या व्हॉल्व्हचं मोजून लिहून ठेवा. बाकी सगळे एका रांगेत आणि एखादा ०.४–०.५ मिमी वर आला असेल तर त्या सीटचं काम घासून भागणार नाही. स्क्रूच्या इंजिनात एकवेळ स्क्रू मागे घेऊन वेळ मारून नेता येते. बकेटच्या इंजिनात पातळ बकेट मिळायला मर्यादा असते. हायड्रॉलिकमध्ये तर अॅडजस्टर तळाला टेकतो, आणि व्हॉल्व्ह बंदच होत नाही, आवाजही येत नाही, फक्त कॉम्प्रेशन जातं.

बकेट निवडायचा हिशोब सोपा आहे: जुन्या बकेटची जाडी, अधिक मोजलेला गॅप, वजा हवा असलेला गॅप. समजा शिमच्या इंजिनात जुनी शिम २.४५ मिमी, गॅप मिळाला ०.१२, हवा ०.२०. २.४५ अधिक ०.१२ वजा ०.२० म्हणजे २.३७. बाजारात २.३७५ मिळाली तर गॅप ०.१९५ येईल, चालेल. २.३५ मिळाली तर ०.२२, तीही मर्यादेत असली तर घ्या. सीएनजीच्या गाडीत एक्झॉस्टला मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवलेलं बरं, कारण तो गॅप पुढे कमीच होणार आहे. जाडी बकेटवर छापलेल्या आकड्यावरून घेऊ नका, झिजलेली असते, मोजा.

हेडची पातळी तपासायला ४५० मिमीची सरळ धार आणि ०.०५ चं पातं. लांबीत दोन, रुंदीत दोन आणि दोन कर्ण, अशा सहा रेषांवर पातं शिरतं का बघा. स्टीलची साधी फूटपट्टी सरळ धार म्हणून वापरू नका. स्प्रिंगसाठी सुरुवातीला वेगळा टेस्टर नको. सगळ्या स्प्रिंगा काचेवर उभ्या ठेवून गुण्याने सरळ आहेत का आणि उंचीला सारख्या आहेत का एवढं बघा. एखादी बुटकी निघाली तर संचच बदला.

घासणी

व्हॉल्व्ह घासणं म्हणजे व्हॉल्व्हची दुरुस्ती, असा समज अजून आहे. घासण्याने दोन चांगले पृष्ठभाग एकमेकांशी जुळवता येतात. खड्डे पडलेली सीट त्याने सुधारत नाही. जास्त घासलं तर व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर (सीटवर टेकणाऱ्या तिरक्या कडेवर) पायरी पडते, आणि नव्या सीटवरही तोच व्हॉल्व्ह गळत राहतो. काही इंजिनांत व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर कठीण थर दिलेला असतो आणि कंपनी तो घासायला मनाईच करते. म्हणून मॅन्युअल आधी, पेस्ट नंतर.

हत्यार साधं: रबरी वाटीची लाकडी काठी. एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या हेडमध्ये तोंडं लहान असतात, २२–३० मिमीची, म्हणून दोन-तीन मापांच्या वाट्या घ्या. वाटी तोंडापेक्षा लहान असावी. वाटी धरत नसेल तर व्हॉल्व्हच्या तोंडावरचा काजळीचा थर खरवडून पुसा आणि वाटीला पाण्याचं बोट लावा. पेस्टच्या, दोन्ही बाजूंना झाकण असलेल्या डबीत एका बाजूला जाड पेस्ट, एका बाजूला बारीक येते. जाड पेस्टला शक्यतो हात लावू नका. बारीक पेस्टचे तीन-चार ठिपके चेहऱ्यावर, दांडीला इंजिन तेल, म्हणजे पेस्ट गाइडमध्ये उतरली तरी दांडी खाणार नाही. काठी तळव्यांत धरून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, पाच-सहा वेळा झालं की व्हॉल्व्ह उचलून थोडा फिरवून पुन्हा. ड्रिल मशीनला व्हॉल्व्ह जोडून एकाच दिशेने फिरवू नका, त्याने गोल गोल रेघा पडतात. सलग, अखंड, राखाडी कडं दिसलं की थांबा. दोन-तीन वेळा पेस्ट बदलूनही काळे ठिपके राहिले तर ते काम कटरचं आहे.

कडं कुठे पडलं ते बघायला निळा मार्किंग रंग पाहिजे. चेहऱ्याला पातळ थर लावा, व्हॉल्व्ह न फिरवता सरळ दाबा आणि उचला. खूण चेहऱ्याच्या मधोमध पाहिजे. रुंदी इनटेकला साधारण १ ते १.४ मिमी, एक्झॉस्टला थोडी जास्त, कारण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधूनच हेडला देतो. सीट फार अरुंद झाली तर एक्झॉस्ट जळतो, फार रुंद झाली तर काजळी चिरडली जात नाही आणि गळती सुरू होते. व्हॉल्व्हच्या तोंडाच्या कडेची जाडी निदान ०.७–०.८ मिमी नसेल तर तो फेकून द्या. धारदार कडेचा व्हॉल्व्ह तापून लाल होतो.

घासल्यावर हेड रॉकेलने, मग गरम साबणाच्या पाण्याने, गाइडमधून ब्रश घालून, मग हवेने. पेस्टचा कण उरला तर तो बेअरिंगपर्यंत जातो. गॅस्केटची जागा साफ करायला ग्राइंडरवरच्या घासणी चकत्या वापरू नका. अॅल्युमिनियम खातात, आणि त्यातली भुकटी तेलात जाऊन तेच करते. प्लास्टिकची खरवडणी आणि केमिकल रिमूव्हर पुरे.

सील

सील ओढायचा चिमटा स्वस्त आहे, घ्या. साध्या प्लायरने सील पिरगाळून काढला की गाइडच्या डोक्यावर ओरखडा पडतो आणि नवा सील तिथूनच गळतो. बसवायला सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकणारा १० किंवा ११ मिमीचा खोल सॉकेट, हाताच्या दाबाने, हातोडी नको. स्प्रिंगखालचा वॉशर सीलच्या आधी बसवायचा. ही गोष्ट विसरली तर बऱ्याच हेडांत वॉशर नव्या सीलवरून जात नाही आणि सगळे सील पुन्हा काढावे लागतात, काढलेला सील परत वापरता येत नाही. दांडी सरकवताना लॉकच्या खाचेवर पातळ प्लास्टिकची नळी चढवा, नाहीतर खाचेची धार सीलचं ओठ कापते. बऱ्याच इंजिनांत इनटेकचे आणि एक्झॉस्टचे सील वेगळे असतात. रंगावर जाऊ नका, पाकिटावरचा नंबर बघा.

टॉर्क

एकच टॉर्क रेंच घेऊन भागत नाही. हेड बोल्ट ४०–५० न्यूटन मीटर आणि पुढे अंशांत, कॅम कॅपचे ६ मिमीचे बोल्ट १०–१२ न्यूटन मीटर. अर्ध्या इंची मोठा रेंच त्याच्या क्षमतेच्या खालच्या टोकाला नीट ‘क्लिक’ देत नाही, आणि अॅल्युमिनियममधले आटे निघाले की हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवावी लागते. म्हणून ५–२५ चा पाव इंची एक, हेड बोल्टचा आकडा ज्याच्या अगदी खालच्या टोकाला येत नाही असा अर्धा इंची एक, आणि अंश मोजायचं गेज. वापरून झाल्यावर रेंच सगळ्यात खालच्या आकड्याला आणून ठेवा. ताणून बसणारे हेड बोल्ट पुन्हा वापरण्याआधी लांबी मॅन्युअलशी ताडा. अनेक कंपन्या ते बदलायलाच सांगतात. कॅम कॅप कडेकडून मधल्या दिशेने, थोडे थोडे करून सोडा, एकदम सोडले तर स्प्रिंगच्या दाबाने कॅम तिरका होऊन मोडू शकतो.

कुठे घ्यायचं

सॉकेट, पाने, चिमटे यासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, तिथे टपारियासारखी नाशिकची हत्यारंही मिळतात. सील, व्हॉल्व्ह, गाइड, पेस्ट नाना पेठेत, पण सील घेताना कंपनीचं पाकीट आणि पार्ट नंबर दोन्ही बघा. सुटे सील टाळा. मोजायच्या हत्यारांत मिटुटोयो सर्वांत भरवशाचं, आणि पुण्याची बेकर गेजेसही चांगली. भोसरी-चिंचवडच्या बाजूला एमआयडीसीत कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळा आहेत. मायक्रोमीटर आणि टॉर्क रेंच वर्षातून एकदा दाखवून आणा. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुने मायक्रोमीटर दिसतात. घ्यायचा मोह झाला तर जबडे मिटून शून्य येतं का आणि रॅचेट फिरते का, हे दोन्ही बघा. सरळ धार आणि कॉम्प्रेसर एकवेळ वापरलेला चालेल, टॉर्क रेंच नाही. पावसाळ्यात पुण्याची हवा फिलरच्या पात्यांवर आठवड्यात गंज आणते. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

कापायची हत्यारं आणि बाहेरचं काम

सीट कटरचा हाताने फिरवायचा संच घ्यावासा वाटेल. त्यात ३०, ४५ आणि ६० अंशांचे कटर आणि गाइडमध्ये बसणारा पायलट असतो. अडचण पायलटची आहे. तो गाइडमध्ये बसतो, आणि गाइड झिजलेला असेल तर सीट त्या झिजलेल्या गाइडच्या मध्याने कापली जाते. म्हणून गाइड आधी, सीट नंतर. गाइड बदलला की सीट कापावीच लागते. गाइड काढायला हेड ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांपर्यंत तापवावं लागतं, गाइड किती वर आहे ते मोजून ठेवावं लागतं, मग नव्या गाइडमध्ये रीमर एकाच दिशेने फिरवत न्यावा लागतो; उलटा फिरवला की धार मोडते आणि भोक खराब होतं. आजच्या सीटा सिंटर्ड, कठीण असतात. साध्या हायस्पीड स्टीलच्या कटरची धार दोन-चार सीटांतच जाते, कार्बाइडच पाहिजे. एवढ्या सगळ्यासाठी महिन्याला दोन हेडं पुरत नाहीत.

कधी घेतलाच तर क्रम असा: ४५ ने स्वच्छ कडं आणा, खूण चेहऱ्याच्या बाहेरच्या कडेला पडत असेल तर ३० ने वरून उतरवा, दांडीकडे पडत असेल तर ६० ने खालून, शेवटी पुन्हा ४५ चा हलका हात. कटरवर जोर देऊ नका, त्याचं वजन पुरे.

बाहेर हेड पाठवताना तोंडी निरोप देऊ नका. कागदावर लिहा: कोणत्या नंबरचे गाइड बदलायचे, दांडीचं मोजलेलं माप, सीटची रुंदी किती हवी, दांडीच्या टोकाची उंची किती राहिली पाहिजे, हेडला सर्फेस मारायचा (मशीनवर घासून सपाट करायचं) की नाही आणि मारला तर जास्तीत जास्त किती. शेवटचं वाक्य फार लागतं, कारण न विचारता सर्फेस मारून हेड पातळ करून देणारे आहेत.

हेड परत आलं की पैसे देण्याआधी टेबलावर घ्या. उंची पुन्हा सगळ्या व्हॉल्व्हची मोजा, निळ्या रंगाने खूण बघा, डायलने डोल बघा. मग व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा बसवून, स्पार्क प्लग लावून, हेड उलटं करून ज्वलनकक्षात रॉकेल भरा. पाच मिनिटांत पोर्टच्या आतून ओल दिसली नाही तर सीट बसली. दिसली तर कोणत्या व्हॉल्व्हची ते खडूने लिहून हेड त्याच दिवशी परत पाठवा, गाडीवर चढवून बघू असं म्हणू नका.